हापूसचे पान आणि शोधयंत्राचे वाचन

शोधयंत्र, म्हणजे इंटरनेटवरील कोट्यवधी पाने धुंडाळून हवी ती माहिती काढून देणारी गूगल किंवा बिंग यांसारखी यंत्रणा, कोणी प्रश्न टाइप केल्याबरोबर इंटरनेटभर धावत सुटते असा सर्वसाधारण समज असला, तरी त्या क्षणी ती इंटरनेटकडे पाहतही नाही. तिचे वाचन आधीच उरकलेले असते. क्रॉलर या नावाने ओळखला जाणारा तिचा प्रोग्राम एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात राहतो, सापडलेल्या पानाचा मजकूर उचलून आणतो, आणि मग त्या मजकुराचे शब्द सुटे करून प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या पानांवर व पानाच्या कोणत्या भागात आला आहे याची नोंद केली जाते. जाडजूड ग्रंथाच्या शेवटी जी शब्दसूची असते तिचीच ही अवाढव्य आवृत्ती असून तिला इंडेक्स म्हणतात. प्रश्न विचारला जातो तो या सूचीला. पानाचा मजकूर, शीर्षके, चित्रांची वर्णने, आतले दुवे, पत्ता अशा मालकाच्या हातात असलेल्या गोष्टी अशा रीतीने मांडणे की या सूचीत पानाची नोंद योग्य विषयाखाली व्हावी, याला ऑन-पेज ऑप्टिमायझेशन म्हणतात. इतर संकेतस्थळांनी त्या पानाला दिलेले दुवे हा त्याबाहेरचा, ऑफ-पेज भाग होय. १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी मांडलेली पेजरँक ही पद्धत त्या दुव्यांवरून पानाचे वजन ठरवते. वजन दुसऱ्यांकडून मिळते, पण विषय पानाने स्वतः सांगावा लागतो, आणि मराठी पानांवर हे काम करणाऱ्यांचा अनुभव असा, की बहुतेक पानांवर नेमके तेवढेच सांगायचे राहून गेलेले असते.

घरच्या बागेतला हापूस थेट ग्राहकाला विकणाऱ्या कोकणातील बागायतदाराचे पान हे याचे उत्तम उदाहरण मानता येईल, कारण असे पान बहुधा एकाच साच्यातून निघालेले असते. वर पडदाभर छायाचित्र असते, त्या छायाचित्रातच ‘अस्सल देवगड हापूस’ ही अक्षरे डिझायनरने सुबकपणे रंगवलेली असतात, खाली ‘परंपरा, विश्वास आणि गोडवा’ अशी ओळ असते, भावाचा तक्ताही चित्र म्हणूनच चिकटवलेला असतो, आणि ब्राउझरच्या टॅबवर, जिथे पानाचे नाव दिसायला हवे तिथे, ‘मुख्यपृष्ठ’ किंवा ‘सुस्वागतम्’ एवढेच लिहिलेले असते. पाहणाऱ्या माणसाला सारे एका दृष्टिक्षेपात कळते. यंत्राच्या हाती मात्र मजकूर म्हणून पडते ती परंपरा, विश्वास आणि गोडवा. या तीन शब्दांवर मिठाईचे दुकानही चालेल आणि मंगल कार्यालयही. चित्रातील अक्षरे ओळखण्याचे तंत्र आज उपलब्ध आहे हे खरे, तथापि पानाचा मुख्य विषय त्या तंत्राच्या भरवशावर सोडण्याचे काहीच कारण नाही, कारण तीच अक्षरे मजकूर म्हणून टाइप करायला एक मिनिटही लागत नाही. ‘आमचे पान गूगलवर का दिसत नाही’ या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा इतके साधे असते, की ते सांगताना संकोच वाटावा.

पानाचे नाव ज्या जागी लिहिले जाते तिला टायटल टॅग म्हणतात. शोधाच्या निकालांत जी ठळक निळी ओळ दिसते ती सामान्यतः हीच असते, आणि पान कशाविषयी आहे हे ठरवताना यंत्र या ओळीला मोठे महत्त्व देते. ‘मुख्यपृष्ठ’ या नावाची असंख्य पाने जगात असल्यामुळे त्या नावाने यंत्राला काहीच कळत नाही, उलट ‘देवगड हापूस आंबा: बागेतून थेट घरपोच पेटी’ एवढ्या ओळीत फळ, गाव आणि व्यवहार हे तिन्ही सांगून होतात. या ओळीची लांबी अक्षरे मोजून ठरत नाही, पडद्यावर ती किती रुंद दिसते यावर ती कुठे तुटायची ते ठरते, म्हणून मुख्य शब्द आधी आणि दुकानाचे नाव शेवटी हा क्रम सोयीचा पडतो. शीर्षक आणि मजकूर यांचा मेळ बसत नसेल तर गूगल ते शीर्षक परस्पर बदलून पानातलीच दुसरी एखादी ओळ दाखवते. मालकाला हा आगाऊपणा वाटतो, पण बारकाईने पाहिल्यास बहुधा यंत्राने निवडलेली ओळच पानाशी अधिक प्रामाणिक निघते. मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे निकालात शीर्षकाखाली दिसणारा दोन ओळींचा परिचय, पानाचा क्रम वर नेत नाही, वाचकाने त्या ओळीवर बोट ठेवावे की नाही एवढेच तो ठरवतो. मेटा कीवर्ड्स या जागी शब्दांची रास ओतण्याची जुनी प्रथा तर निव्वळ व्यर्थ आहे. वेब शोधाच्या क्रमवारीत आपण या जागेचा उपयोग करत नाही असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले, तरीही ती रास आजही उत्साहाने ओतली जाते आणि तिचे बिलही लावले जाते.

शब्द आला म्हणजे विषय कळला, असे मात्र नाही. आंब्याच्या व्यवहारातील शब्दच या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. कलम म्हणजे रोपवाटिकेत बांधलेले कलम, तसेच कायद्याचे कलम. पेटी म्हणजे चार, पाच, सहा डझनांची आंब्याची पेटी, आणि भजनात वाजते तीही पेटीच. पायरी हे हापूसच्या जोडीने बाजारात येणारे रसाचे फळ, आणि देवळाची पायरी तर घरोघरी ठाऊक. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या सिंधू या जातीचे नाव नदीचेही आहे आणि खेळाडूचेही. ‘आमच्याकडे पेटी, पायरी, कलमे मिळतील’ एवढेच वाक्य एखाद्या पानावर असेल तर यंत्र अडखळले म्हणून त्याला दोष देता येत नाही. अर्थाचा निवाडा शेजारच्या शब्दांवरून होतो. कलमाच्या आसपास कोय कलम, पाचर कलम, खुंट, रोपवाटिका हे शब्द आले की ते बागेतले ठरते. आरोपी, जामीन, न्यायालय हे आले की संहितेतले.

यामागे जुने गणित आहे. एखादा शब्द पानात किती वेळा आला यावरून त्या पानाचा विषय अजमावण्याची कल्पना आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५७ मध्ये मांडली होती, पण केवळ वारंवारता मोजली तर सगळीकडे आढळणारे शब्दच मोठे ठरतात. केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये त्याला जोड दिली ती दुर्मिळतेची: जो शब्द संग्रहातील फार थोड्या लेखांत येतो, त्याची साक्ष अधिक मोलाची. ‘फळ’, ‘गोड’, ‘उत्तम’ हे शब्द लाखो पानांवर असल्यामुळे त्यांनी काहीच सिद्ध होत नाही. ‘अढी’, ‘मोहोर’, ‘तुडतुडे’, ‘साका’ हे शब्द हापूसबरोबर आले, की हे पान आंब्याशी रोजचा संबंध असलेल्या माणसाचे आहे याची खूण पटते. साका म्हणजे वरून निर्दोष दिसणाऱ्या फळात कोयीलगतचा गर पांढरट, भुसभुशीत आणि बेचव निघण्याची विकृती. हापूसमध्ये ती विशेष आढळते, ग्राहकाच्या तक्रारींत ती वारंवार येते, आणि विक्रीच्या पानावर ती लिहायला बागायतदार अर्थातच नाखूश असतो. अनुभवी संपादक इथे आग्रह धरतो. साका का होतो, फळ बाहेरून पाहून तो का ओळखता येत नाही, आणि तसे फळ निघाल्यास बदलून मिळेल की नाही, हे चार वाक्यांत सांगणारे पान ‘सर्वोत्कृष्ट’ हे विशेषण दहा वेळा वापरणाऱ्या पानापेक्षा यंत्रालाही अधिक कळते आणि गिऱ्हाइकालाही अधिक पटते. बागेत बोलले जाणारे शब्द पानावर येऊ देणे, ऑन-पेज कामाचा मोठा भाग खरे तर एवढाच आहे. हे शब्द मालकाच्या तोंडी असतातच, ते फक्त ‘जाहिरातीची भाषा’ लिहायला बसल्यावर गायब होतात.

मराठीपुरती एक अडचण आणखी वेगळी आहे. प्रत्यय लागण्यापूर्वी मराठी नाम आपले रूप बदलते, व्याकरणात त्याला सामान्यरूप म्हणतात: आंबा, आंब्याची, आंब्यांना, पुणे, पुण्यात, सातारा, साताऱ्याहून. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांप्रमाणे अकारान्त शब्दाचा उपान्त्य उकार दीर्घ लिहायचा आणि सामान्यरूपात तो ऱ्हस्व करायचा, म्हणून हापूस, पण हापुसाला. शिवाय बोलताना ‘हापूसला’ही सर्रास चालते. सूचीत शब्द जसाच्या तसा नोंदवला तर ‘पुणे’ शोधणाऱ्याला केवळ ‘पुण्यात’ असे लिहिलेले पान सापडणार नाही. याची धास्ती घेतलेल्या एसईओवाल्यांनी, म्हणजे शोधयंत्रांसाठी पाने तयार करून देणाऱ्या व्यावसायिकांनी, मराठीची एक विचित्र बोली जन्माला घातली आहे: ‘पुणे मध्ये हापूस आंबा पेटी किंमत’, ‘बेस्ट हापूस आंबा पुणे’. कीवर्ड, म्हणजे लोक ज्या शब्दांनी शोधतात ते शब्द, न मोडता पानावर उतरवण्याच्या नादात वाक्याचा कणाच मोडतो. यंत्रे शब्दांचे मूळ रूप शोधायला शिकली आहेत, आणि २०१९ मध्ये गूगलने बर्ट ही पद्धत शोधात आणली, आधी इंग्रजीसाठी आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मराठीसह सत्तरहून अधिक भाषांसाठी. या पद्धतीत शब्द सुटा न पाहता त्याच्या मागचेपुढचे शब्द एकत्र विचारात घेतले जातात. तेव्हा ‘पुण्यात घरपोच’ असे सरळ लिहावे, आणि मूळ रूपही पानावर कुठेतरी यायला हवे असेल तर त्याला जागा पुष्कळ आहेत: ‘पोहोच: पुणे, सातारा, कोल्हापूर’ अशी यादी मराठीत अगदी स्वाभाविक वाटते आणि तिच्यात प्रत्ययाचा प्रश्नच उद्भवत नाही.

पूर्ण वाक्यांचा दुसराही उपयोग आहे. देवनागरीत हिंदी, नेपाळी आणि गोव्यातली कोंकणीही लिहिली जाते. पान कोणत्या भाषेत आहे हे गूगल पानाच्या कोडमधील भाषेच्या खुणेवरून न ठरवता दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवते, आणि ‘हापूस, आंबा, पेटी, ऑर्डर’ अशा नुसत्या नामांच्या पानावर मराठीचा पुरावा फार थोडा असतो. ‘आहे’, ‘मिळतो’, ‘पाठवतो’ ही साधी क्रियापदे तो पुरवतात.

त्याहून खोलवरची गोष्ट अक्षरांच्या साठवणीची. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी संकेतस्थळे वेगवेगळ्या कंपन्यांचे फॉन्ट वापरत, आणि त्यांत पडद्यावर ‘आंबा’ दिसत असला तरी साठवलेली असत ती रोमन अक्षरे व चिन्हे. यंत्राला दिसे ती निरर्थक रास. त्या काळातील मजकूर युनिकोडमध्ये आणल्याखेरीज त्यावर कोणतेही ऑप्टिमायझेशन करणे व्यर्थ आहे. युनिकोडमध्येही सारे सुरळीत आहे असे नाही. ‘पाठवणाऱ्या’ मधील ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: नुक्ता असलेला ऱ घेऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन व त्यापुढे शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह घालून, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, साठवणीत ते वेगळे असतात. तीच गत ‘ॲप’ मधील ॲ ची, कारण या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले आणि तोवर अ वर चंद्र देऊन काम भागवले जात होते, जे आजही अनेक कळफलकांवर तसेच होते. मोठी शोधयंत्रे असे भेद बऱ्याच अंशी पोटात घालतात, पण संकेतस्थळाच्या स्वतःच्या शोधखिडकीत मात्र ‘ॲल्फान्सो’ टाइप केल्यावर मालकाचे स्वतःचेच पान न सापडण्याचा प्रकार नवलाचा नाही. एका संकेतस्थळावर एकच टंकनपद्धत, हा नियम म्हणून पाळावा लागतो. पानाच्या पत्त्याबाबतही असेच तारतम्य हवे: देवनागरी पत्ता चालतो, पण तो पाठवताना प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन रोमन चिन्हांनी लिहिला जातो, त्यामुळे ‘हापूस’ या शब्दातील ह, काना, प, दीर्घ उकार आणि स या पाच चिन्हांचा पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवल्यावर पंचेचाळीस चिन्हांची शेपटी होऊन उतरतो. तो पाहून ग्राहकाला फसवणुकीचा दुवा वाटू नये, म्हणून रोमन लिपीतला छोटा पत्ता बरा.

शब्द जुळले, भाषा कळली, तरी एक प्रश्न उरतो: शोधणाऱ्याला हवे काय आहे? ‘हापूस’ हा एकच शब्द वाशीच्या बाजारातला आजचा भाव पाहणारा व्यापारी टाइप करतो, लागवडीचे अंतर विचारणारा शेतकरी करतो, भौगोलिक मानांकनावर निबंध लिहिणारा विद्यार्थी करतो आणि दोन पेट्या मागवू पाहणारी गृहिणीही करते. याला शोधामागचा हेतू म्हणतात. मालकाची इच्छा एकाच पानाने या सगळ्यांना तृप्त करावे अशी असते. परिणामी आजोबांनी लावलेल्या पहिल्या झाडापासून कुरिअरच्या दरापर्यंत सारे एका पानात कोंबले जाते आणि ते कोणत्याच प्रश्नाचे उत्तर उरत नाही. म्हणून काम हाती घेताना पहिला प्रश्न कीवर्डचा नसावा. हे पान कोणाच्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, ते एका वाक्यात सांगा, असे विचारावे, आणि ते वाक्य मालकाला सांगता येईपर्यंत कोडला हात लावू नये. एकदा वाक्य मिळाले की पानाचे मुख्य शीर्षक तेच होते, पोटशीर्षके त्याच्या पोटातले प्रश्न होतात: पेटीत किती फळे, पिकायला किती दिवस, परत करण्याची सोय काय. लागवडीला वेगळे पान, मानांकनाला वेगळे. २०१८ मध्ये हापूसला मिळालेले मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांना लागू आहे ही माहिती त्या पानावर सविस्तर द्यावी आणि विक्रीच्या पानावरून तिथे दुवा द्यावा. हा दुवा ‘येथे क्लिक करा’ या शब्दांवर नको. दुव्याचे शब्द पुढच्या पानाची ओळख म्हणून वाचले जातात, म्हणून ‘हापूसचे भौगोलिक मानांकन’ हेच शब्द दुव्याला द्यावेत.

आकड्यांचे तेवढे यंत्राला अजून स्पष्ट सांगावे लागते. पानावर नुसते ‘१२००’ असेल तर ते रुपये की ग्रॅम हे माणूस संदर्भाने ओळखतो. यंत्रासाठी २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा ही खुणांची समाईक पद्धत सुरू केली, जिच्यात वस्तूचे नाव, किंमत, चलन, माल शिल्लक आहे की नाही हे ठरावीक चौकटीत लिहिता येते. ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राचे शब्दांतील वर्णन, हे मुळात अंध वाचकांसाठी असून ते तसेच लिहावे: ‘गवताच्या अढीत मांडलेले देवगड हापूस’. तिथे पुन्हा शब्दांची रास ओतणारे दोन्ही वाचकांचा अपमान करतात.

हे सगळे केल्यावर पान वर आले की नाही हे पाहण्यासाठी गूगलचे सर्च कन्सोल हे साधन आहे. पान कोणत्या शोधांत दिसले आणि त्यावर किती जणांनी क्लिक केले ते त्यात कळते. त्यातील शोधांची यादी हा या कामातला सर्वांत उद्बोधक भाग. मालकाने कल्पिलेल्या ‘अस्सल’, ‘नैसर्गिक’ या शब्दांऐवजी लोक ‘आंबा पिकवायचा कसा’, ‘पेटीत किती आंबे’ असे विचारत असतात, आणि मराठी माणूस रोमन लिपीतच मराठी टाइप करत असतो, परदेशातला तर हमखास. अशा वेळी रोमन लिपीतले हापूस हे रूप पानाच्या पत्त्यात आणि एखाद्या वाक्यात सहज येऊ द्यावे. मात्र मार्चमध्ये पान सुधारले आणि एप्रिलमध्ये भेटी कैकपटींनी वाढल्या, म्हणून काम फत्ते झाले असे म्हणण्याची घाई घातक ठरते, कारण एप्रिलमध्ये हापूसचा शोध सगळ्यांच्याच पानांवर वाढतो. तुलना करायची तर मागच्या वर्षीच्या एप्रिलशी, आणि भेटींच्या संख्येपेक्षा कोणत्या शब्दांनी भेटी आल्या याची. विषय जुळणे म्हणजे सत्य असणे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे लागते; कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने विकणाऱ्याचे पान यंत्राच्या दृष्टीने देवगड हापूसविषयीचेच असते, आणि पेटी उघडून फळ चाखण्याची सोय यंत्राला नाही.

जूनमध्ये पाऊस लागला की विक्री थांबते आणि पानाची खरी परवड सुरू होते. काही जण पान काढूनच टाकतात, काही जण पुढल्या हंगामात पत्त्यात नवे साल घालून नवे पान उघडतात. दोन्हींमुळे मागच्या वर्षभरात त्या पत्त्याला मिळालेले दुवे आणि सूचीतली नोंद वाया जाते, आणि क्रॉलरला ओळख पुन्हा पहिल्यापासून करून घ्यावी लागते. पत्ता सालाशिवायचा ठेवून पान वर्षभर तेच राहू द्यावे, स्कीमामध्ये माल शिल्लक नाही असे नोंदवावे, वर ‘पुढील हंगाम मार्चपासून’ ही ओळ लिहावी, आणि पावसाळ्याच्या मोकळ्या महिन्यांत सर्च कन्सोलमधल्या ज्या प्रश्नांची उत्तरे पानावर नव्हती ती लिहून काढावीत. नवा भाव मार्चमध्ये त्याच पानावर चढवता येतो.